मावशीच्या वजनाची स्प्रिंग

या जगातली एकूणएक वस्तू कुठल्या ना कुठल्या बाजूला कललेली आहे आणि ती सरळ करण्याचं काम देवाने अर्धवट टाकून आपल्या गळ्यात घातलं आहे, अशी मनापासून खात्री असलेला एकच माणूस मला ठाऊक आहे, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. आम्ही त्यांना मावसाजी म्हणतो. मावसाजी कुणाच्या घरी गेले की आधी चपला काढतात, मग भिंतीवरचे फोटो सरळ करतात आणि त्यानंतर ‘बसा’ म्हणायची वाट पाहतात. बसायला दिलेली खुर्ची एकदा हलवून बघतात. ती डुगडुगली तर खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढून तिच्या पायाखाली सरकवतात. हे तुकडे ते घरून कापून आणतात. पंगतीत बसले की ताटातलं वरण कुठल्या बाजूला ओघळतंय ते पाहून ताटाखाली खडा लावतात, आणि स्वतःचं ताट जमलं की शेजारच्याचं धरतात, मग तो शेजारचा ओळखीचा असो वा नसो. माझ्या लग्नात अंतरपाट धरला होता, भटजींनी मंगलाष्टकांचा सूर लावला होता, आणि मावसाजी गर्दीतून पुढे आले. उजवीकडच्याला म्हणाले, थोडं वर घे. डावीकडच्याला म्हणाले, तू थोडं खाली. अंतरपाट त्यांच्या मनासारखा होईपर्यंत आमचा मुहूर्त ताटकळत उभा राहिला. माझा नवरा आजही सांगतो, की लग्नात आपल्याला प्रथम दिसलेला चेहरा बायकोचा नव्हता, एक डोळा मिटून अंतरपाटाकडे बघणाऱ्या मावसाजींचा होता.

या वेडाचं मूळ धानात आहे. मावसाजींचं गाव गोंदियाजवळच्या गोरेगावच्या अलीकडे, चहूकडे धानाची शेतं. आमच्याकडे भाताच्या खाचराला बांधी म्हणतात. रोवणीच्या, म्हणजे रोपं लावण्याच्या, आधी बांधीत चिखल केला की तिच्यावर लाकडी फळी फिरवून ती सपाट करायची असते, कारण उंचवटा राहिला तर तिथे तण माजतं आणि खळगा राहिला तर तिथलं रोप सडतं. हे काम सगळेच शेतकरी करतात. मावसाजी ते पूजेसारखं करतात. त्यांच्या बांधीत पाणी सोडलं की ते कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. बगळे येऊन उतरतात आणि उभं कुठे राहावं हे न ठरल्यामुळे उडून जातात, असं गावात सांगतात. मध्यंतरी जमीन सपाट करणारं लेझरचं यंत्र आमच्या भागात आलं. मावसाजींनी यंत्रवाल्याला आपल्या बांधीवर नेलं. तो खूश झाला, मोठं गिऱ्हाईक मिळालं म्हणून. तासाभराने त्याच्या ध्यानात आलं की यंत्राने बांधी तपासली जात नसून बांधीने यंत्र तपासलं जात आहे. शेवटी मावसाजींनी त्याला चहा पाजला आणि यंत्र बरं आहे, असं प्रशस्तिपत्रक देऊन परत पाठवलं.

अशा माणसाने साठी उलटल्यावर स्पोर्ट्‌स कार घेतली. बातमी मला फोनवर कळली तेव्हा मी गोंदियाच्या आमच्या कॉलेजच्या वाचनालयात पुस्तकांवर नंबर टाकत बसले होते. मला वाटलं, ट्रॅक्टरचा काही नवा प्रकार असेल. संध्याकाळी जाऊन पाहिलं तर अंगणात धानाच्या पेंढ्यांच्या गंजीशेजारी एक लाल, बुटकी, दोन दारांची गाडी बसली होती. उभी होती असं म्हणवत नाही इतकी ती जमिनीला लागून होती. नागपूरच्या कुणा हौशी माणसाची जुनी गाडी. बनवणाऱ्यांनी मोजक्याच बनवल्या आणि मग कारखान्याला कुलूप लावलं, त्यामुळे तिचा सुटा भाग मिळणं म्हणजे नशिबाचा खेळ. सगळं गाव लोटलं होतं. आमच्याकडे कुठलीही गाडी पाहिली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, हिच्यात धानाचे कट्टे किती बसतात? कट्टा म्हणजे पोतं. मावसाजींनी शांतपणे सांगितलं, एकही नाही. मग माणसं किती, असं कुणीतरी विचारलं. ‘दोन,’ मावसाजी म्हणाले. ‘एक मी, एक ती. तिसऱ्याची सोयच नाई.’

हे ते इतक्या समाधानाने म्हणाले की मला त्यातली गोम त्या क्षणी कळली. आधी त्यांच्याकडे जीप होती, आणि ती गावाची होती असं म्हटलं तरी चालेल. मावशीचा दात दाखवायला गोंदियाला निघायचं म्हटलं तरी कुणाला कॉलेजात सोडायचं असे, कुणाचं तहसिलीत काम निघे, कुणी मिलवर टाकायचा कट्टा घेऊन फाट्यावर उभं असे. पुढची जागा नात्यातल्या वडीलधाऱ्या पुरुषाची. मावशी नेहमी मागे, मांडीवर दुसऱ्याचं पोर घेऊन. मुली झाल्या, शिकल्या, लग्न होऊन एक रायपूरला आणि एक पुण्याला गेली, आणि एवढ्या संसारात मावशी नवऱ्याच्या शेजारी बसून कधी कुठे गेलीच नव्हती. मावसाजी बोलून दाखवणाऱ्यांतले नव्हेत. इतकी वर्षं ही गोष्ट त्यांना एका बाजूला कललेली दिसत असणार. त्यांनी आपल्या पद्धतीने ती सरळ करायला घेतली होती. नातेवाईक मात्र दुखावले ते दुखावलेच. एका चुलतभावाने तर दिवाळीचा फराळ परत धाडला.

मावशी म्हणजे मावसाजींचं दुसरं टोक. ते काडी, ती भरल्या अंगाची. ते दिवसात चार वाक्यं बोलतात, ती एका दमात चाळीस, आणि हसली की शेजारच्या आळीत कळतं. तिने गाडीला प्रदक्षिणा घातली, आत वाकून पाहिलं आणि म्हणाली, ‘जमिनीवर बसूनच जायाचं तं गाडी कायले पायजे जी?’ पण बसली. पदर आवरत, एक पाय आत, एक बाहेर, मग मी मागून आधार देत, अशी ती एकदाची त्या सीटवर उतरली, आणि बसल्यावर तिने समोरच्या काचेतून रस्त्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. पुढची जागा कशी दिसते हे ती पहिल्यांदाच बघत होती.

दुर्दैव असं की गाडीचे शॉकअप आणि स्प्रिंगा पार थकलेल्या होत्या. मावसाजींना गाडी अंगणात सरळ दिसली होती, आणि उभ्या गाडीची परीक्षा घेऊन त्यांनी चालत्या गाडीचा सौदा केला होता. रस्त्यावर आली की ती प्रत्येक खड्ड्याशी बोलायची. एकदा उसळली की तीन वेळा वरखाली व्हायची, आणि गतिरोधकावर पोट घासून असा आवाज करायची की कडेच्या म्हशी माना वळवत. तरी मावशीने दोनतीन फेऱ्या सोसल्या. मग तिच्या माहेरची मंडई आली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, रात्री दंडारीचं नाटक होतं आणि लेकीबाळी माहेरी येतात. मावशीचं माहेर अर्जुनी मोरगावच्या बाजूला. तिने दोन डबे करंज्या केल्या, मांडीवर घेऊन बसली, आणि माहेरी डबे उघडले तेव्हा आत सारण आणि भुगा होता. मामांच्या घरच्यांनी तो वाटीत घेऊन चमच्याने खाल्ला, चवीला उत्तम होता असंही म्हणाले. पण मावशीची कंबर धरली होती आणि तिचा अपमान झाला होता. तिने जाहीर केलं, की ही गाडी सुधारत नाही तोवर आपण तिच्यात पाय ठेवणार नाही, आपल्याला एसटी आहे.

त्यानंतर कित्येक महिने गोरेगाव-गोंदिया रस्त्यावर एक देखावा दिसत असे. पुढे एसटी, तिच्या मागच्या सीटवर मावशी, आणि एसटीच्या मागोमाग लाल गाडी, तिच्यात मावसाजी आणि शेजारी रिकामी जागा. एसटी थांबली की तेही थांबत. मावशी मागच्या काचेतून हाताने खुणा करी, खड्डा आला, हळू घ्या, गाय आहे. कंडक्टरने तिला एकदा विचारलं म्हणे, की बाई, तुमचं माणूस मागून येतंय तर तुम्ही इथे काऊन? मावशी त्याला म्हणाली, ‘भांडन नाई जी, कंबर हाय.’

मावसाजींनी मनावर घेतलं. गोंदियात आमच्या कॉलेजमागे एका मिस्त्रीचं गॅरेज आहे. गोंदियातल्या बहुतेक धंदेवाल्यांसारखा तोही हिंदीत बोलतो. त्याने गाडीचा पुढचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला, गाडी आपली हलत राहिली, आणि त्याने काका, सगळं बदलावं लागेल, असं सांगितलं. जुने शॉकअप काढले तर सायकलच्या पंपासारखे सहज आत जात होते, वरून तेल गळत होतं. एका स्प्रिंगचं खालचं वेटोळं चक्क तुटलेलं निघालं. शॉकअप नागपूरहून दुसऱ्या गाडीचे आणून बसते करता येणार होते. स्प्रिंगा मात्र रायपूरला वळून घ्याव्या लागणार होत्या, आणि तिथल्या माणसाने फोनवर साधा प्रश्न विचारला, की गाडीत वजन किती असतं? आमच्या भागातल्या माणसाला विचारू नये असा हा प्रश्न आहे. दुसऱ्या कुणी सरळ कट्ट्यांत उत्तर दिलं असतं. मावसाजींनी दोन दिवस विचार करून निरोप दिला, की या गाडीत दोनच माणसं बसणार, ती कोण ते ठरलेलं आहे आणि ती दोघं सारख्या वजनाची नाहीत. तेव्हा उजव्या स्प्रिंगा माझ्या वजनाच्या करा, डाव्या तिच्या. मिस्त्रीने कपाळाला हात लावला. ‘काका, ये गाड़ी है, तराजू नहीं,’ तो म्हणाला. पण मावसाजींनी एक डोळा मिटला होता आणि तो मिटला की पुढे बोलण्यात अर्थ नसतो.

आता मावशीचं वजन कसं काढायचं? दवाखान्यातल्या काट्यावर चढायला ती कधी तयार होत नसे. मावसाजींनी तिला राइस मिलवर नेलं आणि सांगितलं, मिलवाल्याचा काटा खोटा आहे असं लोक म्हणतात, तू उभी राहून बघ बरं. आमच्याकडे मिलचा काटा खोटा असल्याचा संशय जन्मापासून प्रत्येकाच्या मनात असतो. दवाखान्यात न चढणारी मावशी पदर खोचून धान मोजायच्या काट्यावर अशी ठामपणे उभी राहिली, की मिलवाला घाबरून बाहेर आला. काटा अगदी बरोबर निघाला. खरी गोष्ट तिला पुढे मिस्त्रीकडून कळली तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि मला म्हणाली, की येवढ्या वर्षांत या मानसानं मला काही विचारलं नाही, आणि विचारलं ते वजन, तेही स्प्रिंगीसाठी.

उन्हाळ्यात स्प्रिंगा आल्या. गाडी जॅकवर चढवून मिस्त्री दिवसभर तिच्याखाली होता. नवी स्प्रिंग शिकंज्यात आवळून बसवायची असते, आणि ती निसटली तर माणसाचं काही खरं नसतं, म्हणून तो घामाघूम होऊन काम करत होता, आणि मावसाजी शेजारी स्टुलावर बसून स्टूल किंचित डावीकडे कललेलं आहे असं त्याला सांगत होते. चाकं लागल्यावर त्यांनी पिशवीतून गवंड्याची लेव्हल पाइप काढली. पारदर्शक नळी, आत पाणी. दोन टोकं दोन जागी धरली की पाणी सांगतं, कुठली जागा वर आणि कुठली खाली. मावसाजी आपल्या सीटवर बसले. शेजारच्या सीटवर मावशीच्या वजनाचा तांदूळ ठेवून त्याला पट्टा लावला. एक टोक मी पुढच्या उजव्या चाकावरच्या पत्र्याच्या कडेला धरलं, दुसरं मिस्त्रीने डाव्या चाकावरच्या. पाणी हललं, थांबलं, आणि दोन्हीकडे एका रेषेत राहिलं. मिस्त्रीने पुन्हा पाहिलं, मग गुपचूप तिसऱ्यांदा. मावसाजी मोठ्याने हसले. त्यांचं हसणं मी फार वेळा ऐकलेलं नाही.

ठरलं असं, की या मंडईला मावशी माहेरी या गाडीतून जाईल, करंज्यांचे डबे मांडीवर घेऊन. पण रोवणीच्या दिवसांत तिचं पोट दुखायला लागलं. आधी घरगुती काढे झाले, मग गोंदिया, मग नागपूर. ऑपरेशन झालं, त्यानंतर आणखी उपचार, आणि मुक्काम लांबत गेला. लाल गाडीवर ताडपत्री पडली. त्या वर्षी बांध्यांवर फळी कुणी फिरवली, कशी फिरवली, हे मावसाजींनी एकदाही विचारलं नाही.

मी दर आठवड्याला नागपूरला जात असे. मावशीच्या खोलीत भिंतीवर एक कॅलेंडर होतं, चांगलं बोटभर वाकडं. पहिल्यांदा गेले तेव्हा ते वाकडं होतं. पुढच्या खेपेला गेले तेव्हाही वाकडंच होतं, आणि मावसाजी त्याच्या बरोबर समोर बसलेले होते. डॉक्टर काय म्हणाले ते मी विचारलं नाही. मी बाहेर जिन्यात जाऊन रडले. असे कितीतरी आठवडे गेले. मग एकदा खोलीत शिरले तर मावशी उशीला टेकून पेज पीत होती, आणि कॅलेंडर सरळ होतं. मावसाजी म्हणाले, ‘डॉक्टर बरं बोलून राहिला आता.’ मला ते आधीच कळलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर मावशी घरी आली, पण आमची मावशी तिच्यात शोधावी लागत होती. बांगड्या कोपरापर्यंत सरकत म्हणून तिने त्यांना दोरा गुंडाळला होता. हसणं तेच होतं, आवाज शेजारच्या आळीत पोचत नव्हता. करंज्या पुण्याच्या मुलीने येऊन केल्या. मावशीने आपणहून विषय काढला. ‘मंडईले जायाचं हाय,’ ती म्हणाली. ‘गाडी सुधारली ना आता?’ मावसाजींनी त्याच दुपारी ताडपत्री काढली.

निघालो तेव्हा मी आणि माझा नवरा आमच्या गाडीतून मागे होतो. लाल गाडी रस्त्यावरून अशी चालली होती, की मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. खड्डा आला की एकदाच वाकायची आणि पुढे जायची. मागच्या काचेतून मावशीचं डोकं दिसत होतं, ते जराही हलत नव्हतं. गाव मागे पडून बराच वेळ झाला होता आणि मावसाजींनी गाडी कडेला घेतली. उतरले, पुढे चालत गेले, वळले आणि एक डोळा मिटून गाडीकडे पाहत राहिले. मग आमच्या खिडकीशी येऊन हलक्या आवाजात म्हणाले, ‘डावी बाजू वर हाय.’ मला काहीच वर दिसलं नाही. माझ्या नवऱ्यालाही दिसलं नाही. तो काहीतरी बोलणार होता, मी त्याचा हात दाबला. डाव्या बाजूला मावशी बसली होती. स्प्रिंग तिच्या वजनाची होती, आणि ते वजन आता तिच्यात नव्हतं. मावसाजी परत जाऊन गाडीत बसले. मावशीने विचारलं असणार, कारण त्यांनी चाकाकडे हात करून काहीतरी खोटं सांगितलेलं मला दिसलं. माहेरी डबे उघडले तेव्हा एकही करंजी मोडलेली नव्हती. मामा म्हणाले, मागच्या वेळी चमच्याने खाल्ली ती जास्त बरी लागली होती. मावशीने कौतुकाने अर्धी करंजी घेतली, तिलाही बराच वेळ लावला.

पुढल्या आठवड्यात मावसाजी मिस्त्रीकडे गाडी घेऊन आले. मी कॉलेजातून तिकडे गेले. मिस्त्रीला सगळं ठाऊक होतं. तो चांगला माणूस आहे. तो म्हणाला, काका, डावीकडे नरम स्प्रिंग टाकून देतो, घंटाभराचं काम आहे, गाडी सरळ होईल. मी मावसाजींकडे पाहिलं. साऱ्या जगाचं वाकडेपण सरळ करत फिरणारा हा माणूस, आणि समोर त्याला कुणी सरळ करून देतो म्हणत होतं. त्यांनी वाकून डाव्या चाकावरच्या पत्र्यावर हात ठेवला.

‘स्प्रिंगीले काई झालं नाई,’ ते म्हणाले. ‘ती तिच्या वजनाची हाय. आज नरम टाकली मंजे मीनंच मान्य केलं का आता ती येवढीच राहनार. मी नाई टाकत.’

एवढी लांब वाक्यं त्यांच्या तोंडून मी लागोपाठ कधी ऐकली नव्हती. मिस्त्रीने फडक्याने हात पुसले. ‘ठीक है काका,’ तो म्हणाला, ‘फिर काकी से कहो, खाना खाएँ.’

तेव्हापासून मावशीच्या पायाशी गाडीत एक कापडी पिशवी असते. तिच्यात तांदूळ आहे, मावशीचं जेवढं वजन गेलं तेवढा. मावशीला त्यांनी सांगितलं, की सीट खोल आहे, पाय टेकायला काहीतरी पाहिजे. तिचं वजन परत येईल तसा पिशवीतला तांदूळ कमी करायचा, असा त्यांचा बेत. रविवारी दोघं गोरेगावला जातात, चहा पितात आणि परत येतात. कुणी फाट्यावर हात केला तर मावसाजी थांबतात, दोन सीटा दाखवतात आणि निघून जातात.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते. स्वयंपाकघरात मावशी चुलीपुढे बसली होती आणि शेजारी गाडीतली ती पिशवी. तिच्यातून वाटीभर तांदूळ काढून तिने निवडायला घेतला. कोठी तांदळाने भरलेली असताना हा कशाला, असं मी विचारलं.

‘त्यायले वाटते मले समजत नाई,’ ती म्हणाली. ‘पिशवी कायची हाय मले मालूम हाय. जेवनावर मन नाई राहत, बाई. पन रोज यातलाच एक वाटी काढतो आन खातो. पिशवीतून निघाला तं माझ्यातच येईल ना, कुठी जाईल? गाडीले काय, बाजू तं तीच हाय.’

तिच्या हातातली वाटी घेऊन मीच तांदूळ निवडत बसले, खडे नव्हते तरी.

संध्याकाळी मावसाजींनी लेव्हल पाइप काढली. स्वतः आत बसलं तर पाणी पाहणार कोण, म्हणून आपल्या सीटवर ते आता आपल्या वजनाचा तांदूळ ठेवतात. मावशी तिच्या जागेवर बसली, पदर आवरून, समोर बघत. पिशवी पायाशी होती. नळीचं एक टोक मी धरलं, दुसरं त्यांनी. पिशवी बरीच खाली गेलेली मला दिसत होती, त्यांना न दिसण्याचा प्रश्नच नव्हता. आता पाणी सारखं राहिलं तर पिशवीतलं गेलेलं वजन मावशीच्या अंगी लागलं, आणि डावी बाजू वर निघाली तर वाट्या वाया गेल्या. डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात तपासणीला बोलावलं आहे. मावशी कधी कधी आठवडा आठवडा नीट जेवत नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

‘पिशवीले उंदीर लागला हाय,’ मावसाजी नळीकडे बघत म्हणाले. मावशी समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहत राहिली, पण तिचे ओठ दाबलेले होते.

मी म्हटलं, औषध टाका मग.

‘नाई,’ ते म्हणाले. ‘खाऊ दे त्याले.’

नळीतलं पाणी दोन्ही टोकांना अजून हलत होतं. मावसाजींनी एक डोळा मिटला. पाणी थांबायची वाट पाहत आम्ही दोघं गाडीच्या दोन बाजूंना तसेच उभे राहिलो.